बिनझिलेची हाक

फोन बंद करा आधी. तो निळा उजेड तोंडावर पडला की तुम्ही सगळे मेलेले दिसता, आणि ही गोष्ट सांगताना मला समोर जिवंत माणसं बसलेली हवीत. किन्सली, दात काढू नकोस. तुझा बाप माझ्याकडं इंजेक्शन घ्यायला यायचा तेव्हा दारातच चक्कर येऊन पडायचा. धीटपणा तुमच्या घराण्यात नाही.

मी चर्चच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं कंपाउंडर होतो. खोटं दुखणं घेऊन आलेला माणूस मला पायरी चढतानाच कळायचा. ज्यानं मला ही हकिगत सांगितली, तो एरवी अव्वल थापाड्या. पण त्या सकाळी त्याचे दोन्ही तळहात माझ्या टेबलावर उताणे पडले होते आणि त्यांच्यावर कातडी नव्हती. मी कापूस बुडवून लावत होतो, तो बोलत होता. त्या दिवशी मला त्याचं पहिल्यांदाच खरं वाटलं.

समोरचं बर्फाचं गोदाम दिसतंय ना, उंडीच्या झाडांपलीकडचं? त्यात तो राहायचा. ऑस्विन मच्याडो, चित्रकार. आपल्यातलाच. आजा इथंच दोर ओढून मेला, बाप शिकून चेन्नईला गेला आणि नातू पन्नाशीला परत आला तो डोक्यावर केसांची गाठ बांधून. कुणी नाव विचारलं तर नावाआधी सांगायचा, "मी कलावंत आहे." बरं बाबा, असशील. आम्ही कुठं भांडायला आलोय?

समुद्र रंगवणं हा त्याचा धंदा. समुद्र रंगवणारे आपल्याकडं पुष्कळ येतात, छत्री रोवून बसतात, उन्हानं लाल होतात आणि जातात. याची तऱ्हा वेगळी. हा समुद्राकडं पाठ करून बसायचा. खरंच सांगतो. गोदामाचं मोठं दार पाण्याकडं उघडतं आणि हा भिंतीकडं तोंड करून, कानांत इअरफोन खुपसून. "मी समुद्र बघत नाही, ऐकतो. सुरातून लाट कशी उठते ते उतरवतो," असं त्यानं फादरना सांगितलं. फादर म्हणाले, "छान छान." फादरना तेव्हा चर्चच्या छपरासाठी देणगी हवी होती.

आधी तो पियानो लावून रंगवायचा. त्या चित्रांतला समुद्र म्हणजे नासकं दूध. मग वीणा लावली, तेव्हाचा समुद्र साडीच्या दुकानातल्यासारखा चकचकीत. एक हंगाम तर देवमाशांचं रडणं लावून काढला. गावातली कुत्री रात्रभर भुंकायची आणि हा सकाळी विचारायचा, कुत्र्यांचा बंदोबस्त होत नाही का म्हणून. चित्रं मात्र खपायची. दातांचे डॉक्टर घ्यायचे, बँकावाले घ्यायचे. आणि हा समुद्राचा जाणकार पाण्यात गुडघ्याच्या वर कधी उतरला नाही.

मग त्याला आपल्या रापणीचा शोध लागला. शोध म्हणे! आपल्या कानांवर जन्मापासून पडतंय ते याला सापडलं. तुम्हा पोरांना रापण आता नुसती ऐकून माहीत, म्हणून सांगतो. जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावर, प्रत्येक दोराला माणसांची रांग, आणि पुढं म्हातारा सुसै ताता. त्याचा आवाज म्हणजे काय होता, ते सांगत बसत नाही. तो हाक द्यायचा आणि दोरावरचे झील धरायचे, आणि झिलेच्या ठेक्यावर दोर एकेक हात आत यायचा.

"व्यापाऱ्याच्या पोटाला घडी..."

"एलेलो!"

"माझ्या पोराला नाही चड्डी..."

"एलेलो!"

असं चालायचं. मध्येच तो नावं घ्यायचा. कुणी नुसता दोराला हात लावून उभा तर नाही ना, याची ती परीक्षा. "लिगोरी कुठाय?" की लिगोरीनं एकट्यानं ओरडायचं, "इथं, एलेलो!" नाव घेतलं आणि उत्तर आलं नाही, असं कधी झालं नाही. ज्याची बायको बाळंत होत होती तोसुद्धा झील धरूनच घराकडं पळायचा.

जाळं आलं की वाळूत वाटे पडायचे. ज्यानं दोराला हात लावला त्याला वाटा, मग तो वाटसरू का असेना. आणि वाटा नाकारायचा नाही, हेही तितकंच पक्कं. भांडण नको म्हणून प्रत्येक जण आपापली खूण द्यायचा. कुणी शिंपला, कुणी काडी, कुणी बटण. एक जण डोळे मिटून एकेका ढिगावर एकेक खूण ठेवत जायचा. ज्याची खूण त्याचा ढीग. सुसैचा मुलगा अरुळ, त्याची खूण म्हणजे एक लाल मणी. लग्नात त्याच्या बायकोची, जेसिंताची, जपमाळ तुटली होती. बाकी मणी ओवले, एक यानं ठेवून घेतला. कमरेच्या गाठीला बांधून तो समुद्रात न्यायचा. जेसिंताच्या माळेत त्या जागी नुसती गाठ होती. जप करताना तिचं बोट तिथं आलं की थांबायचं.

तर या मच्याडोनं एका सकाळी केसाळ टोपडं घातलेला माइक आणून ही सगळी रापण रेकॉर्ड केली. सगळ्यांना चहा पाजला. आणि गोदामात जाऊन त्यानं काय केलं ठाऊक आहे? झील काढून टाकली. सगळी. एकेक "एलेलो" वेचून, खोकला वेचून, शिवी वेचून. उरली ती सुसैची एकट्याची हाक, आणि प्रत्येक हाकेनंतर झिलेपुरती रिकामी जागा. "त्या शांततेत माझा ब्रश चालतो," म्हणायचा. मेहनत बघा माणसाची! एवढ्या वेळात जाळं विणायला शिकला असता.

पुढं वर्षभरात ते वादळ आलं. तुम्हाला आठवतंय, तेवढं पुरे. सुसैच्या होडीवर दोराची तीच माणसं खोल पाण्यात गेली होती. लिगोरी, सहायम, पनिमयम आणि अरुळ. सापडला तो डिझेलचा एक कॅन. सुसै त्या दिवशी तापानं घरी होता, म्हणून राहिला. त्यानंतर त्यानं हाक दिली नाही. कुणी लग्नात वगैरे गळ घातली तर म्हणायचा, "झील कोण धरेल?" आणि विषय संपायचा.

आता ती रात्र. दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. ईस्टरचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आधीचा शुक्रवार, तमिळ मासी महिन्यातला वद्य पक्ष, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार. आठवडाभर वारा असा होता की पाण्यात कुणाची होडी नव्हती आणि बाजारात बर्फातले जुने मासे. वादळानंतर चेन्नईला जाऊन राहिलेला मच्याडो तेव्हा परत आलेला होता. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या लॉबीसाठी भिंतभर समुद्र काढून द्यायचा होता आणि हॉटेलवाले दुसऱ्या दिवशी बघायला यायचे होते.

संध्याकाळी जेसिंता त्याच्याकडं गेली. झेरॉक्सवाल्याकडून एक पेन ड्राइव्ह उसना घेतला होता आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून एका डब्यात तारल्यांची आमटी.

"अण्णा, त्या रापणीचं रेकॉर्डिंग आहे ना तुमच्याकडं?"

"आहे की. तेच तर चालू आहे दिवसभर."

"माझ्या नवऱ्याचा आवाज आहे त्यात. त्यांचा फोन त्यांच्याबरोबरच गेला. पोरगा अडीच वर्षांचा झाला. फोटो दाखवला की विचारतो, हा बोलत का नाही." तिनं पेन ड्राइव्ह पुढं केला. "एवढंच यात घालून द्या. एकदा जरी 'एलेलो' म्हटलेलं असलं तरी चालेल."

मच्याडो ब्रश पुसत म्हणाला, "झिलेचा आवाज? तो नाही ठेवला मी."

"म्हणजे?"

"काढून टाकला. सोपं नव्हतं ते, तीन आठवडे बसलो होतो. तुझ्या सासऱ्याचा आवाज सोनं आहे गं. पण मागचे ते... कुणी खोकतंय, कुणी थुंकतंय, कुणी व्यापाऱ्याची आई काढतंय. गोंगाट नुसता!"

"पण मूळचं तर असेल?"

"जागा अडवत होतं. उडवलं." तिचं तोंड बघून त्याला वाटलं, हिला कलेतलं काही समजावून द्यावं. तो असा उदार होता. त्यानं स्पीकर लावला. "ऐक, किती शुद्ध वाटतंय ते."

स्पीकरमधून सुसैचा तीन वर्षांपूर्वीचा खणखणीत आवाज आला. "लिगोरी कुठाय?" मग काही नाही. "सहायम कुठाय?" काही नाही. "अरुळ कुठाय?"

आणि रिकामी जागा.

तिनं स्पीकरकडं बोट केलं. मग म्हणाली, "नावं का ठेवलीत?"

"नावं गोड लागतात कानाला. त्यांना एक नाद आहे."

"मेलेल्या माणसाला नाव घेऊन हाक मारता, आणि उत्तराला जागा मोकळी सोडता? दिवसभर? अण्णा, निदान नावं काढा. पाया पडते तुमच्या."

"जेसिंता, हे आर्ट आहे. तुमच्या अंधश्रद्धा त्यात नका आणू."

ती जायला निघाली. पेन ड्राइव्ह पदराच्या गाठीला बांधला, आणि दारातून परत फिरून डबा उचलला. तारल्यांची आमटी परत घेऊन गेली. फार बरं केलं.

घरी जाऊन तिनं सुसैला सांगितलं. म्हातारा खाटेवर पडून होता. त्यानं विचारलं, "नावं घेऊन लावतोय?" ती हो म्हणाली. म्हातारा उठला आणि समुद्राकडची खिडकी त्यानं सताड उघडली. म्हणाला, "मग येतील. हाकेला न येणारे नव्हते ते."

इकडं मच्याडोनं दार लावून घेतलं, चहा केला आणि कामाला बसला. चित्रात पाणी चांगलं जमत होतं असं त्याचं म्हणणं. जमत असेल. कानांत इअरफोन, भिंतीकडं तोंड. हाक यायची, थांबायची, त्या जागेत याचा ब्रश फिरायचा. मध्यरात्र उलटली. गावातले दिवे गेले होते. याच्याकडं बॅटरीचा दिवा होता.

"व्यापाऱ्याच्या पोटाला घडी..."

ब्रश फिरला.

"माझ्या पोराला नाही चड्डी..."

ब्रश फिरला. आणि त्या शांततेत कुणीतरी खोकलं.

त्यानं आधी लक्ष दिलं नाही. पुढची हाक झाली. पुन्हा खोकला. कोरडा, शेवटी शीळ वाजणारा. बिडीवाल्याचा. तेव्हा त्याचा हात थांबला, कारण तो खोकला त्याच्या ओळखीचा होता. लिगोरीचा होता तो. त्यानं स्वतः तो रेकॉर्डिंगमधून शोधून शोधून कापला होता. पुढं एक थुंकल्याचा आवाज यायला हवा होता.

तो आला.

त्यानं लॅपटॉप उघडून बघितला. पडद्यावर हाकेपुरती रेघ उसळत होती, नंतर सपाट. जिथं खोकला ऐकू आला तिथंही सपाट. त्याला वाटलं, मशीन बिघडलं. या लोकांना सगळ्यात आधी मशीनचाच संशय येतो. त्यानं रेकॉर्डिंग बंद केलं. इअरफोन काढून गळ्यात टाकले.

"लिगोरी कुठाय?"

आवाज सुसैचा, तोच तीन वर्षांपूर्वीचा खणखणीत. बाहेरून. पाण्याच्या बाजूनं.

आणि बाहेरूनच, अगदी जवळून...

"इथं, एलेलो."

सकाळी मला सांगताना तो म्हणाला, "कंपाउंडर, ते ओरडत नव्हते हो. थकलेले होते. लांबून चालत आल्यासारखे."

"सहायम कुठाय?"

"इथं, एलेलो."

"पनिमयम कुठाय?"

"इथं..."

वाळूवर पावलं वाजत होती. ओली. जड. रांग लागत होती. दाराच्या फटीतून पाणी आत येत होतं आणि ओहोटी होती.

"अरुळ कुठाय?"

या उत्तराला वेळ लागला. मग एक तरुण आवाज. जरा बसलेला.

"इथं, एलेलो."

नावं संपली. रेकॉर्डिंगमध्ये याच्यापुढं आणखी नाव नव्हतं, हे मच्याडोइतकं कुणाला ठाऊक असणार? इथं दोराला पुढचा हिसका बसतो आणि ओढणं पुन्हा सुरू होतं. तो श्वास रोखून हिसक्याची वाट बघत उभा राहिला.

हिसका आला नाही. शांतता. रांगेत कुणीतरी कमी असल्यासारखी.

"ऑस्विन कुठाय?"

त्यानं तोंडावर हात दाबला.

लाट आली. गेली.

"ऑस्विन... कुठाय?"

दोन्ही हात दाबले. ब्रशचा निळा रंग ओठांना लागला. सकाळी मी तोच आधी पुसला.

बाहेर कुणीही घाई करत नव्हतं. खोकला नाही. पावलं नाहीत. सगळे थांबले होते... याच्यासाठी. झिलेपुरती जागा सोडून.

"ऑस्विन?"

त्यानं तोंड उघडलं नाही. तो शपथेवर सांगत होता, उघडलं नाही. पण आवाज त्याचाच होता.

"इथं."

...

मग तो बाहेर होता. दार कसं उघडलं, ठाऊक नाही. बुटांखाली ओली वाळू. हातात दोर. काथ्याचा, भिजलेला. चंद्र नुकताच वर आलेला, पण पुढं फक्त एक पाठ दिसत होती. पाठीवरून पाणी गळत होतं. थांबत नव्हतं.

ती पाठ वळली नाही.

हाक आली. दोर ओढला. झील आली. दोर ओढला. पहिल्या काही हिसक्यांतच त्याचे हात सोलले. त्यानं सोडायचं म्हटलं, बोटं उघडेनात. तो रडला. तो म्हणाला, "माझं उद्या काम आहे." हे त्यानं स्वतः मला सांगितलं. समुद्रातून आलेल्या माणसांना तो म्हणाला, माझं उद्या काम आहे!

पुन्हा हाक आली.

किती वेळ गेला, माहीत नाही. मग त्याच्या मागं दोर ताणला गेला. कुणीतरी येऊन हात घातला होता. वळायची त्याची हिंमत नव्हती. पण पुढची हाक झाली आणि त्याच्या कानामागून बाईच्या आवाजात झील आली.

"एलेलो!"

जेसिंता. आपल्याकडं बाई रापणीच्या दोराला हात लावत नाही, तुमच्या आयांना विचारा. ती लावून उभी होती. उघड्या खिडकीतून तिनं चौथा आवाज, अरुळचा, ऐकला होता आणि झोपलेलं पोर म्हाताऱ्याच्या कुशीत देऊन तशीच अनवाणी आली होती. ती जोरानं ओढत होती. मच्याडोच्या खांद्यावरून तिचा श्वास पुढं जात होता. आणि दोन हाकांच्या मध्ये ती बोलायला लागली. याच्याशी नाही. याच्या पुढं जी पाठ होती, तिच्याशी.

"अहो, पोरगं चालायला लागलं."

"एलेलो."

"तुमच्यासारखंच डावखुरं आहे."

"एलेलो..."

"मामंजींचा दमा वाढलाय. पण जेवतात." लाट आली. "मी बरी आहे."

या वेळी झील उशिरा आली.

"एलेलो."

मच्याडो सांगत होता, त्या बाईच्या आवाजात भीती नव्हती. बाजारातून आलेला नवरा उंबऱ्यात बसलाय आणि ही आतून दिवसभराचं सांगतेय, तसं ती बोलत होती. आणि मध्ये हा. दोघांच्या मध्ये अडकलेला. हा आवाज यानं एकदा कापून फेकला होता. त्या रात्री तो त्याला सगळाच्या सगळा ऐकावा लागला.

पहाटे चर्चची घंटा वाजवायला निघालेल्या सक्रिस्तानाला तो वाळूत पालथा सापडला. आधी त्याला वाटलं, दारू. मग हात बघितले आणि मला उठवायला आला. मी गेलो तेव्हा उजाडत होतं. दोर कुठं नव्हता. जाळं नव्हतं. वाळूवर पावलं होती ती दोघांचीच, एक बुटांची आणि एक अनवाणी. पण आठवडाभर समुद्रावर होडी गेली नसताना वाळूत मासळीचे दोन ढीग होते. ताजे. शेपट्या अजून हलत होत्या.

एका ढिगाशी जेसिंता बसली होती. तिचेही हात सोलले होते, याच्यासारखेच. मी बाटली उघडली तर म्हणाली, "नको मामा. राहू दे थोडे दिवस." मी आयुष्यात औषध पुष्कळांना जबरदस्तीनं लावलं. तिला नाही लावलं.

दुसऱ्या ढिगावर खूण होती. काळं रबराचं बोंड, इअरफोनचं. मच्याडोनं गळ्यातले इअरफोन चाचपले. एका बाजूचं नव्हतं.

मी म्हटलं, "तुझा वाटा आहे. उचल."

तो म्हणाला, "मला नको. मी काही नाही ओढलं." सोललेले हात माझ्यापुढं धरून म्हणाला, बरं का! दवाखान्यात नेऊन मी पट्ट्या बांधल्या. सकाळच्या बसनं तो गेला. हॉटेलचं चित्र त्यानं चेन्नईला जाऊन पुरं केलं, म्हणे बासरी लावून. मी बघितलंय ते. माझ्या भाचीचं लग्न त्याच हॉटेलात होतं. निळा रंग चांगला आहे, पडद्यांना शोभतो. माणसं त्याच्याकडं पाठ करून फोटो काढतात.

त्याचा वाटा इथंच वाळूत राहिला. कुत्र्यानं हुंगला नाही, खेकडा फिरकला नाही, कावळा शिवला नाही. चौथ्या दिवशी भरतीनं नेला. ज्याचा त्याला परत गेला म्हणायचं आणि गप्प बसायचं.

जेसिंतानं आपला वाटा टोपलीत भरून घरी नेला. आमटी केली. सुसैला वाढली, पोराला काटे काढून भरवली, स्वतः जेवली. आम्हाला कुणाला बोलावलं नाही आणि आम्हीही गेलो नाही. तिच्या ढिगावर कुठली खूण होती, हे त्या सकाळी मी बघितलं नव्हतं. तिनं मूठ मिटलेली होती.

मग ईस्टरनंतर ती पोराच्या खोकल्याचं औषध न्यायला माझ्याकडं आली. पदरातून सुटे पैसे काढायचे म्हणून तिनं हातातली जपमाळ माझ्या टेबलावर ठेवली. मी सहज बघितलं. गाठीच्या जागी लाल मणी ओवलेला होता.

मी बाटली पुढं केली. तिनं पैसे मोजले. औषध घेतलं, माळ उचलली, गेली. एप्रिलचं ऊन होतं, दुपारची वेळ, टेबल तापलेलं. माळ होती त्या जागी लाकूड कोरडं ठक्क होतं. फक्त एका मण्याएवढा ओला डाग राहिला होता.

मी बोट लावून जिभेला लावलं.

खारट होतं.